चुनेगच्ची म्हणजे गच्ची असलेलं घर नव्हे

प्रश्न असा आलाय की आजोबांच्या खरेदीखतात घराचं वर्णन "दुमजली चुनेगच्ची इमारत" असं आहे, पण घराला तर कौलं आहेत, गच्ची कधी नव्हतीच, आणि आता नवीन नक्कल टाइप करणाऱ्याने "चुना व गच्ची असलेली" असं करून टाकलंय, मग बरोबर काय?

बरोबर जुनंच आहे. चुनेगच्ची म्हणजे चुन्यात बांधलेलं, चुन्याने लिंपलेलं पक्कं काम. विहीर चुनेगच्ची असते, तट चुनेगच्ची असतो, त्यांना कुठली आलीय गच्ची?

बरेच जण याची फोड चुना अधिक गच्च अशी करतात, अर्थ जुळतो म्हणून ती पटतेही, पण मला ती बरोबर वाटत नाही. फारसीत गच म्हणजे प्लास्टर, मूळ जिप्समचं, इराणात आजही भिंतीच्या प्लास्टरला आणि शाळेतल्या खडूलाही गचच म्हणतात. तो शब्द इकडे आला आणि आपल्या चुन्याला चिकटला. आणि खरी मजा पुढे आहे, आपली घरावरची गच्चीसुद्धा यातूनच आली! मातीचं सपाट छप्पर असेल तर ते धाबं किंवा माळवद, आणि चुना, विटांचा चुरा म्हणजे सुरखी, बारीक खडी असं सगळं पसरून लाकडी थाप्यांनी दिवसचे दिवस बडवलं की ती गच्ची. म्हणजे नाव जागेचं नव्हतं, कामाचं होतं. जमिनीचा कोबाही मला याच गोतावळ्यातला वाटतो, फारसीत कोबीदन म्हणजे ठोकणं, बडवणं.

गिलावा तर त्याहून जवळचा, फारसीत गिल म्हणजे चिखलमाती, आधी मातीचा गारा आणि मग आपल्याकडे कुठलंही प्लास्टर.

आता हे काम कसं असायचं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. भट्टीतली चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, पाण्यात टाकली की ती फसफसून उकळते, विरते, मग ती मुरू द्यायची आणि वाळूबरोबर घाणीत मळायची. लोहगडावर दर्ग्याच्या पुढे अशी घाणी अजून आहे, गोल दगडी चर, त्यात दगडी चाक फिरायचं, तिथे उभं राहून चरावरून हात फिरवून बघा एकदा. मळताना गुळाचं पाणी, बेलफळाचा गर असंही घालायचे. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो आणि भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. आमच्या जुन्या वाड्याच्या मागच्या भिंतीला कुणाच्या तरी सल्ल्याने सिमेंट मारलं, दोन पावसाळ्यांत आतल्या बाजूला लोणा फुटला, बोट लावलं की पांढरी भुकटी हाताला यायची, कारण ओलीला बाहेर जायला वाटच उरली नव्हती. तेव्हा तुमच्या घराची डागडुजी निघालीच तर गवंड्याला आधीच सांगा, भिंत चुन्याची आहे, गिलावाही चुन्याचाच हवा.

आणि नक्कल सहीला जायच्या आधी दुरुस्त करून घ्या. "चुनेगच्ची" एक शब्द, सलग, मधे "व" नाही.