जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताना बंदिस्त फर्मवेअर घ्यावं की टाळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही आणि प्रायव्हसीसाठी लिनक्स हवंय. पण वायफायला कंपनीचं बंदिस्त फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं, कंपनी ज्याचा कोड दाखवत नाही असं सॉफ्टवेअर) लागतं, मग प्रायव्हसी उरली कुठे?

फर्मवेअर घ्या. बहुतेक वायफाय चिपमध्ये कायमची मेमरी नसते, म्हणून दर वेळी चालू होताना ड्रायव्हर तिच्यात फर्मवेअरची फाइल भरतो. काही चिपमध्ये तेच फर्मवेअर कारखान्यातच भरलेलं असतं. बंदिस्त दोन्ही. पहिलं डिस्कवर दिसतं म्हणून खटकतं, एवढंच.

प्रोसेसरच्या मायक्रोकोडबाबत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या फर्मवेअरबाबत, तर टाळण्यात सरळ तोटा आहे. २०१८ मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीच्या काही प्रकारांवरचा उपाय मायक्रोकोडमधूनच आला. ट्रिस्क्वेलसारखं पूर्ण मुक्त (काहीही बंदिस्त न घेणारं) लिनक्स हा नवा मायक्रोकोड भरत नाही. म्हणजे चिपमधला जुना, तितकाच बंदिस्त मायक्रोकोड भोकांसकट चालू राहतो. इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन (चिपसेटमध्ये स्वतंत्र चालणारं बंदिस्त फर्मवेअर) तर कुठलीही सिस्टम टाकली तरी आपल्या जागी असतंच.

तेव्हा लिनक्सच्या डेबियन, मिंट किंवा फेडोरा या प्रकारांपैकी काहीही चालेल. डेबियनने २०२२ मध्ये मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेतलं आणि डेबियन १२ पासून ते तसंच येतं. त्याआधीचे ‘वेगळी फाइल पेनड्राइव्हवर टाका’ छापाचे सल्ले आता सोडून द्या.

विंडोज पुसण्याआधी मात्र तिच्याकडून दोन कामं करून घ्या. पहिलं, बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मदरबोर्डवरचं फर्मवेअर) अपडेट. लिनक्समध्ये त्यासाठी एफडब्ल्यूयूपीडी (fwupd) हे साधन आहे, पण जुन्या मॉडेलचे अपडेट बऱ्याचदा फक्त विंडोजवर चालणाऱ्या फाइलच्या रूपातच मिळतात. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर आधी तो तात्पुरता थांबवा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर बायोस बदलल्यावर तो कुलूप लावून बसेल. चार्जर लावूनच अपडेट करा.

दुसरं, वायफाय चिप कोणाची ते बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीज, तिथे डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी. ‘व्हेन’ (VEN) या अक्षरांपुढे ८०८६ असेल तर इंटेल, म्हणजे चिंता नाही. १६८सी म्हणजे अ‍ॅथेरॉस. त्यातल्या ‘एटीएच९के’ ड्रायव्हरवर चालणाऱ्या चिपना भरायचं फर्मवेअर लागतच नाही. १०ईसी म्हणजे रिअलटेक, मॉडेलप्रमाणे नशीब. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, इथे वेळ जाणार हे धरून चाला.

ब्रॉडकॉमच्या अनेक चिपना ‘डब्ल्यूएल’ नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो. तो तुमच्याच मशीनवर तयार होतो, त्यामुळे सिक्युअर बूटला (ओळखीची डिजिटल सही नसलेला कोड अडवणारी सोय) त्याची सही ओळखीची नसते. उबंटू किंवा मिंटमध्ये इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन येते, तिथे ‘एनरोल मॉक’ (Enroll MOK, म्हणजे तुमच्या मशीनच्या सहीची नोंदणी) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ही स्क्रीन दहाच सेकंद थांबते. ती हुकली की ड्रायव्हर लोड होत नाही आणि लोक वैतागून सिक्युअर बूटच बंद करतात. गरज नाही, तीच नोंदणी पुन्हा करता येते. तोवर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा, म्हणजे त्याचं इंटरनेट लॅपटॉपला द्या.

मग ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून बघा: वायफाय, आवाज, ब्राइटनेस आणि मुख्य म्हणजे झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर जाग येते का. काही अडलं तर टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसेज’ (sudo dmesg) देऊन ‘फर्मवेअर’ (firmware) शब्द शोधा. ‘एरर -२’ म्हणजे फाइलच सापडली नाही; त्याच ओळीत तिचं नावही असतं. मात्र एकच ड्रायव्हर नव्या आवृत्तीपासून उतरत जुन्या फाइली शोधतो, त्यामुळे अशा दोन-चार ओळींनंतर ‘लोडेड’ (loaded) दिसलं तर सगळं ठीक आहे. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेजचा मोड ‘रेड’ (RAID) किंवा ‘आरएसटी’वर (RST) असेल, तो ‘एएचसीआय’ (AHCI) करा. विंडोजही ठेवायची असेल तर हा बदल थेट करू नका, ती चालू होणार नाही. आधी तिला सेफ मोडमध्ये चालू व्हायला लावून मगच बदला.

प्रायव्हसीची खरी कमाई दोन ठिकाणी आहे. विंडोजच्या होम आणि प्रो आवृत्तीत ‘आवश्यक’ निदान माहिती पाठवणं सेटिंगमधून पूर्ण बंद करता येत नाही, ते लिनक्सवर सुटतं. दुसरं डिस्क एन्क्रिप्शन. लॅपटॉप चोरीला गेला तर तेच वाचवतं, आणि ते इन्स्टॉल करतानाच निवडा. नंतर करणं किचकट आहे. पासवर्ड विसरलात तर डेटा गेला, त्यामुळे बॅकअप वेगळ्या डिस्कवर ठेवा. ब्राउझरमधून होणारा माग मात्र सिस्टम बदलून थांबत नाही. त्यासाठी फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं एक्स्टेंशन टाका.