डावा बड हळू वाजतो? आधी ती एअर गन खाली ठेवा

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला आहे. इअरबडचा डाव्या बाजूचा आवाज एकदम बारीक झालाय. केसमध्ये ठेवला तरी कधी चार्ज होतो, कधी नाही. शॉपमध्ये एअर गननं हवा मारून बघितली, फरक नाही. साफ करायचं किट कुठलं घ्यावं आणि किती दिवसांनी साफ करावं?

किटचं नंतर बघू. हवा मारून फरक पडला नाही म्हणता, ते नशीब समजा. पडतो तेव्हा तो बहुतेक वाईटच पडतो.

शॉपच्या लाइनला सहा ते आठ बार प्रेशर असतं. तुम्ही जॉब जसा मायक्रॉनमध्ये मोजता, तसा बडच्या आतला पडदाही मायक्रॉनमध्येच मोजायचा. त्याच्यावर सहा बार सोडलात तर तो ताणतो, कॉइल जागची हलते आणि पुढं जन्मभर बास आला की खरखर. शिवाय बडच्या जाळीतला मळ बाहेर येतच नाही. हवा समोरून मारली की तो आतच जातो, दुसरीकडं कुठं जाणार?

यावर काउंटरवर ठरलेलं उत्तर येतं, "प्रेशर कमी करून मारतो की ओ!" बरं, रेग्युलेटर एक बारवर आणा. कॉम्प्रेसरच्या टाकीतल्या पाण्याचं काय? हवा दाबली, मग थंड झाली, की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. पावसाळ्यात ड्रेन कॉक उघडल्यावर किती पाणी पडतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघता. त्यात ती लाइन न्यूमॅटिक, म्हणजे हवेवर चालणाऱ्या टूलची असली तर पुढं लुब्रिकेटर बसवलेला असतो, तो हवेबरोबर तेल सोडतो. कचरा काढायला गेलात आणि पाणी-तेल घालून आलात.

उद्यमबाग आणि मच्छेकडून येणारे बड उघडायच्या आधीच ओळखू येतात. बडमध्ये चुंबक असतात, ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या भागाचा एक आणि केसमध्ये चिकटून बसायला आणखी. आपल्याकडं फाउंड्र्या भरपूर, बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं मशीनिंग भरपूर. स्टीलची चिप लांब वेटोळी निघते, बीडाची मात्र भुकटी होते. ती हवेत उडते, बोटांना लागते, खिशात बसते आणि तिथून थेट चुंबकावर. निपाणीकडच्या बडमध्ये तंबाखूची धूळ असते, ती ब्रशनं झटकली की जाते. लोखंडाची भुकटी ब्रशनं फक्त इकडची तिकडं होते, चुंबक सोडतच नाही.

अशीच एक जोडी टेबलावर आली होती. तक्रार तुमचीच, डावा बारीक, चार्जिंग लहरी. मायक्रोस्कोपखाली धरली तर जाळीच्या कडेनं भुकटीचे काटे दाढीच्या खुंटासारखे उभे. त्यावर कानाचा मळ आणि खोबरेल तेल यांचा तपकिरी थर, आणि घाम लागला तिथं भुकटीला नारिंगी गंज. जाळीची निम्म्याहून जास्त भोकं बंद. बाकी त्या डाव्या बडमध्ये बिघाड काही नव्हता.

क्रम असा. रबरी टिप काढून बाजूला. ब्लू टॅक, म्हणजे भिंतीवर पोस्टर चिकटवायची पुट्टी, वाटाण्याएवढी घेऊन मळायची, जाळीवर हलकी टेकवायची आणि सरळ वर उचलायची. दाबून आत कोंबायची नाही, घासायची नाही, आणि दर वेळी नवी बाजू घ्यायची. भुकटी चिकटून येते. काटे दिसेनासे झाले की मगच ब्रश, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, कोरडा. बड उलटा, जाळी जमिनीकडं तोंड करून धरायची आणि खालून ब्रश फिरवायचा, म्हणजे सुटलेला मळ खाली पडतो. मळ वाळून घट्ट झाला असेल तर ब्रशचं टोक आयपीएमध्ये, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवायचं, टिश्यूवर टिपायचं आणि ते नुसतं दमट टोक फिरवायचं. थेंब पडेल इतकं ओलं नको, जाळी कडेला गोंदानं चिकटवलेली असते आणि आयपीए त्या गोंदात शिरतं. पाच मिनिटं तोंड खाली ठेवूनच वाळवायचं. त्या जोडीचा डावा एवढ्यावर उजव्याइतका वाजायला लागला.

मग कळलं की खराब उजवाच आहे. मालकानं शॉपमधल्या जाणकाराचं ऐकून आधी उजव्यावर हवा मारून "ट्रायल" घेतली होती. तबल्याचा ठेका आला की तो फरफरायचा. मळानं बंद पडलेला बड वाचला, आणि ज्याला काहीच झालं नव्हतं तो हवेनं गेला. हे मी त्या जाणकाराला ऐकवलं तर म्हणे, "आमच्याकडं इनकमिंग मटेरियलच खराब होतं." आता काय बोलणार!

आता तुमच्या चार्जिंगचं. बडवरचे सोनेरी ठिपके आणि केसमधल्या स्प्रिंगच्या पिना यांच्यामध्ये काहीतरी आलंय. घामेजलेला बड तसाच केसमध्ये ठेवला की मिठाचं पाणी आणि पिनांवरचं व्होल्टेज एकत्र येतं आणि धातू खायला सुरुवात होते. ठिपक्यावर हिरवट खपली दिसली तर कारण तेच. ९९ टक्के आयपीए मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडं मिळतं. ते कापसाच्या काडीला लावून, पिळून, ठिपका पुसायचा. केसमधली पिन लाकडी टूथपिकनं हलकी दाबून बघा, सोडल्यावर पूर्ण वर आली पाहिजे. अर्धवट अडकली असेल तर तिथं दमट काडी लावून चार-सहा वेळा खालीवर करा. सुई, टाचणी, स्क्रायबर यांतलं काहीही केसमध्ये घालू नका. केसला बंद करायचं बटण नसतं, दोन पिना धातूनं जोडल्या गेल्या तर सर्किट उडू शकतं. आणि खोडरबरानं किंवा पॉलिश पेपरनं पिना चमकवू नका. वरचा सोन्याचा मुलामा गेला की पुढच्या पावसाळ्यात, जास्त पावसाच्या खानापूरकडं राहत असाल तर त्याच्याही आधी, पिना काळ्या पडतील.

टाइप-सी पोर्टमध्ये खिशातला तंतू दाबून बसलेला असतो. केबल पूर्ण आत जात नाही, हलवली की चार्जिंग तुटतं, असं होत असेल तर तोच. मधल्या पट्टीला न लागता कडेकडेनं टूथपिकनं उकरून काढा.

शॉपमधलं थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावाल तर प्लास्टिक पांढरं पडून तडकेल. सॅनिटायझर नको, बहुतेकांत ग्लिसरीन असतं, ते मागं चिकट थर ठेवतं आणि त्यावर तुमची भुकटी आणखी बसते. बड भिजला तर तांदळाच्या डब्यात नको, त्याची पिठी पोर्टमध्ये जाते. बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या डबीत टाका, त्यात ठेवा.

किट? शंभर-दीडशेला पेनासारखं मिळतं ते कुठलंही घ्या. त्यातला ब्रश आणि स्पंजची काडी बरी असते, धातूचं टोक मात्र पहिल्या दिवशीच काढून फेका. जाळ्या त्यानंच फुटतात. नाहीतर टूथब्रश आणि ब्लू टॅक पुरेसं आहे. किती दिवसांनी, याला कॅलेंडर नाही. शिफ्ट संपली की हात धुऊन मगच केस उघडा, बड आणि केसची आतली बाजू कोरड्या कापडानं पुसा. जाळी उजेडात धरून बघा, काटे दिसले की साफ करा. केस कामाच्या पँटच्या खिशात ठेवत असाल तर ते रोजच दिसतील.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं. फोनच्या सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत डाव्या-उजव्या आवाजाची, म्हणजे ऑडिओ बॅलन्सची पट्टी असते, ती मधोमध आहे का बघा. ती सरकलेली असली तर कितीही घासून उपयोग नाही. फोन ठीक असेल तर बड दुसऱ्या फोनला जोडून बघा.

सिलिकॉनच्या टिपा साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. फोमच्या असतील तर पाणी नको, फक्त पुसा. बडच्या अंगावर माइकची आणि हवेची बारीक भोकं असतात, त्यांत काहीही खुपसू नका. हवेचं भोक बुजलं तर बास बिघडतो, पण ते कोरड्या ब्रशनंच मोकळं करायचं.

मी वर सांगितलं ते साध्या, हजार-दोन हजारांच्या बडसाठी. एअरपॉड्स प्रो असतील तर कंपनीची पद्धत वेगळी आहे. ब्रशला मिसेलर वॉटर (मेकअप पुसायचं पाणी) लावून जाळीवर १५ सेकंद गोल फिरवायचं, उलटा करून टिपायचं, असं तीनदा. मग डिस्टिल्ड पाण्यानं तसंच, आणि निदान २ तास वाळवल्याशिवाय केसमध्ये ठेवायचं नाही. आयपीएक्स४ लिहिलंय म्हणून नळाखाली धरू नका. ते रेटिंग शिंतोड्यांचं, तेही बहुतेक वेळा बडचं, केसचं नाही.

एवढं करूनही डावा बारीकच असेल आणि जाळी स्वच्छ दिसत असेल तर तुमच्या हवेनं मळ जाळीच्या मागं बसवलाय किंवा पडदा गेलाय. या किमतीचे बड गोंदानं बंद केलेले असतात, फोडून दुरुस्त करणं परवडत नाही. वॉरंटी चालू असेल तर आधी तिकडं जा. केस फुगलेली किंवा चार्जिंगला लावल्यावर गरम लागत असेल तर मात्र साफसफाई सोडा, चार्जिंग बंद करा आणि ती घरात ठेवू नका.