आयटीआय म्हणजे पुढचं शिक्षण बंद?

मार्गदर्शनासाठी येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांच्या पालकांकडून मला हा प्रश्न दरवर्षी येतो. मुलाला हाताने काही करायला आवडतं, आयटीआयला (औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत) जायचं म्हणतो, मग त्याचं पुढचं शिक्षण संपलंच का? बहुतेक घरांत या काळजीच्या मुळाशी नातेवाईक काय म्हणतील हेच असतं. कोल्हापूरच्या एका घरात मात्र कारण वेगळं निघालं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा नववीत. वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायच्या कामाला, तेही ठेकेदाराकडे. ‘‘मॅडम, दिवसभर ग्राइंडर धरून रात्री बोटं वळत न्हाईत. पोरानं पंख्याखाली बसून काम करावं म्हणतोय. चुकलं काय माझं?’’

काहीच चुकलं नव्हतं. ज्याने धूळ खाल्ली आहे त्याला श्रमप्रतिष्ठेवर व्याख्यान देणं मला तरी उद्धटपणाचं वाटतं. मी विचारलं, तुमच्या कारखान्यात कोण आलं नाही तर काम अडतं? ‘‘सीएनसीचा सेटर. न्हाईतर मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. मालक सोता फोन लावतोय.’’ सेटर म्हणजे संगणकावर चालणारं मशीन कामासाठी लावून देणारा. दोघंही आयटीआय झालेले, हेही वडिलांनीच सांगितलं. म्हणजे त्यांची भीती कारखान्याची नव्हती, शिक्षण नसताना ठेकेदाराच्या हाताखाली राबण्याची होती.

मुलाशी वेगळं बोलले. ‘मला मशीन आवडतात’ यापलीकडे त्याला सांगता येईना. यात त्याचा दोष नाही. बहुतेक शाळांत हातात पाना-पक्कड येतच नाही, मग मुलांनी आवड ओळखायची कशावरून? पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून तयार झालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस वर्कशॉप, वीज, शेती-पशुपालन, घर-आरोग्य अशी कामं प्रत्यक्ष करतात. असं काही या मुलाच्या शाळेत नव्हतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत वडिलांच्याच ओळखीने एका छोट्या वर्कशॉपमध्ये त्याला नुसतं बघायला आणि हलकं काम करायला पाठवलं. चालू मशीनला हात लावायचा नाही, ही अट घालूनच.

परत आला तो फिटर व्हायचं नाही असं ठरवून. लोखंडाचा तुकडा कानस मारून काटकोनात आणायचा, काटकोन तपासायला गुण्या लावायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा, याचा त्याला दुसऱ्याच दिवशी कंटाळा आला. पण बंद पडलेल्या पॅनेलमध्ये सप्लाय नक्की कुठे तुटलाय हे टेस्टर घेऊन शोधणाऱ्या वायरमनच्या मागून तो हलायला तयार नव्हता. एवढी माहिती मला कुठल्याही कल चाचणीतून मिळाली नसती.

मग वडिलांना कागदावर वाटा काढून दाखवल्या. दहावीनंतर आयटीआयत इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, म्हणजे त्या कामाचा अभ्यासक्रम, दोन वर्षं. पुढे अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, त्यात स्टायपेंड मिळतो. किंवा आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. दार बंद होत नाही. पण एक गोष्ट मी मुलालाही स्पष्ट सांगितली. इलेक्ट्रिशियनला दहावी गणित-विज्ञानासह पास लागते, चांगल्या सरकारी आयटीआयत या ट्रेडची मेरिट बरीच वर जाते आणि थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलं अडखळतात ती बहुधा गणितातच. ‘अभ्यास नको म्हणून आयटीआय’ हा हिशोब बसत नाही. त्याचं गणित कच्चं होतं. शिकवणी लावली.

निर्णय अजून झालेला नाही, तो दहावीच्या निकालानंतरच होईल. वडिलांनी मात्र आयटीआय बघायला स्वतः सोबत जायचं ठरवलंय. मी त्यांना विचारायचे प्रश्न लिहून दिले होते: त्या ट्रेडचे निदेशक (शिकवणारे) पूर्णवेळ आहेत का, अप्रेंटिस म्हणून मुलं कुठल्या कंपन्यांत जातात. त्याखाली त्यांनी एक स्वतःचा जोडला. ‘‘मशिनी चालू हाईत का नुसत्या पुसून ठेवल्यात?’’