नोकरी सोडून थेट फ्रीलान्सिंग?

प्रश्न: मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती इंटर्नशिप करत होती त्या संस्थेत जुना डेटा नव्या प्रणालीत हलवण्याचं काम दोन मोठ्या कंपन्यांकडून रखडलं आणि शेवटी एका फ्रीलान्सरने एकट्याने पुरं केलं. आता हातात आलेली नोकरी नाकारून ती स्वतंत्र कामं घ्यायची म्हणते. तिला काय सांगू? — एक पालक

उत्तर: मुलीने जे पाहिलं ते नवलाचं नाही. चौघांच्या गटात आपसात बोलणाऱ्या जोड्या होतात 6, वीस जणांत 190. कामापेक्षा एकमेकांना समजावण्यातच दिवस जातो. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसं नेमली की तो आणखी लांबतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय. त्यात मोठ्या कंपनीकडून काम मिळवायला येणारा अनुभवी माणूस पुढे प्रत्यक्ष कोड लिहायला असेलच असं नाही. एकट्याचं तसं नसतं. जुन्या तक्त्यातला एखादा रकाना असा विचित्र का, हे त्याला सकाळी कळलं तर संध्याकाळपर्यंत प्रोग्रॅम बदललेला असतो.

शिवाय तो फ्रीलान्सर तिसरा आला होता, हे विसरू नका. दोनदा तोंड पोळल्यावर आपल्याला नेमकं काय हवंय हे ग्राहकालाही उमगलेलं असतं. पहिल्याच फेरीत त्याचीही दमछाक झाली असती, असं मला वाटतं.

मुलगी गिटचं, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचं, उदाहरण देईलच. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये ते काही दिवसांत वापरण्याजोगं केलं, हे खरं. पण त्याआधी 1991 पासून ते लिनक्स या स्वतःच सुरू केलेल्या संगणक प्रणालीवर काम करत होते, ठिकठिकाणच्या लोकांनी पाठवलेले बदल एकत्र जुळवत होते. अडचण कुठे येते हे त्यांना तोंडपाठ होतं. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये गिटची देखभाल त्यांनी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवलीसुद्धा. एकट्याच्या पराक्रमाच्या गोष्टीत हा भाग सहसा गाळलेला असतो.

तेव्हा तिला एवढंच विचारा: त्या फ्रीलान्सरने याआधी कुठे, काय काम केलं होतं? जमल्यास तिने त्यालाच विचारावं. असे लोक बहुधा मोकळेपणाने बोलतात.

माझं मत, नोकरी घ्यावी. मात्र गट लहान हवा: जिथे ग्राहकाशी बोलणारा, कोड लिहिणारा आणि प्रणाली बंद पडल्यावर फोन उचलणारा माणूस एकच असतो. दोन-तीन वर्षांत एखाद्या क्षेत्रातले खाचखळगे कळतील. नियुक्तिपत्रात बाहेरची कामं घेण्यावर बंदी आहे का आणि लिहिलेल्या कोडवर हक्क कुणाचा, हे सही करण्याआधी वाचावं.

आणि तिची हौसही मारू नका. रुजू होण्याआधी एक छोटं, पैसे मिळणारं काम तिने घ्यावं. काय करणार आणि काय नाही हे लेखी, पैसे टप्प्याटप्प्याने, मधेच मागितलेल्या बदलांचा दर वेगळा. कोड लिहिणं तिला जमेल, यात मला शंका नाही. बिल पाठवल्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत ती किती वेळा आठवण करते आणि काम संपल्यावरही आलेले फोन कशी हाताळते, ते बघा. नोकरीचं काय करायचं ते त्यानंतर तिलाच ठरवू द्या.