लाल पेन पॅनेलच्या दारातच ठेव

वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यात इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेलच्या कामाला लागलायस ना, मग पहिली सवय ही लाव: वायर हलवलीस की तिथेच, उभ्या उभ्या, ड्रॉइंगवर लाल पेनाने खूण, तारीख आणि सही. ‘संध्याकाळी करू’ म्हटलंस की राहिलंच समज. एकदा कॉन्टॅक्टरचा, म्हणजे विजेवर चालू-बंद होणाऱ्या स्विचचा, १३-१४ नंबरचा कॉन्टॅक्ट जळाला म्हणून मी वायर ४३-४४ वर घेतली. कागदावर १३-१४च राहिलं. रात्रपाळीचा पोरगा तीन तास मेलेल्या टर्मिनलवर मीटर धरून बसला. अजून वाईट वाटतं.

ड्रॉइंग, टर्मिनल लिस्ट, केबल शेड्यूल, मॅन्युअल, सगळ्यांवर रिव्हिजन नंबर, म्हणजे कितवी सुधारलेली प्रत तो आकडा, एकच हवा. ‘फायनल-२’ असली फाइल ठेवूच नकोस. आणि लाल खुणांची प्रत कॉम्प्युटरवर उतरेपर्यंत फेकू नकोस बाबा.