निविदा उघडण्याआधी

प्रिय पोरी,

भांडार विभागात रुजू झालीस, फार बरं वाटलं. परवा फोनवर तू विचारलंस, "काका, खरेदीच्या टेबलावर चांगलं काम म्हणजे काय हो करायचं? शेवटी घ्यायचा तर एल-वनच ना?" दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं. मराठवाड्यातल्याच एका विद्यापीठात तीस वर्षं त्या टेबलावर काढली, म्हणून सवडीने लिहितोय.

एल-वनच, म्हणजे सर्वांत कमी दरवालाच घ्यायचा, हे खरं आहे. निविदांची पाकिटं उघडली, दरांचा तुलनात्मक तक्ता झाला, की सर्वांत कमी दरवाल्याला बाजूला ठेवायला लेखी कारण लागतं. ते अटी-शर्तींत आधीच नसेल तर तुझे हात बांधलेले. म्हणून जे काही भलं करायचं ते निविदेचा मसुदा लिहितानाच. तक्त्यावर सह्या होतात, पण निर्णय होतो मसुद्यात. हे मला उशिरा कळलं, आणि ज्यांच्या जिवावर कळलं त्यांची गोष्ट तुला सांगायलाच हवी.

२०१२ मध्ये आमच्याकडे साफसफाईचं कंत्राट निघालं. बावीस बायका, वर्षभराचं काम. एकाचा दर बाकीच्यांपेक्षा बराच खाली होता. मी तक्ता केला, सही केली, फाईल वर गेली. दर इतका खाली कसा, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. चार महिन्यांनी दुपारच्या सुट्टीत एक बाई टेबलाशी आली. पदराच्या गाठीतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून बँकेचं पासबुक. दर महिन्याला पगार बरोबर जमा होता. मी म्हटलं, मग अडचण काय? ती म्हणाली, "एटीएम कार्ड मुकादमाकडं हाय, साहेब. पैसे तो काढतो अन् हातात देतो." हातात किती येतात ते तिने सांगितलं. निम्म्याहून जरा जास्त. पासबुक परत घेताना तिची बोटं दिसली. ॲसिडने नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, कातडी सोललेली. हातमोजे कंत्राटात होते, हातात नव्हते.

त्या संध्याकाळी कोऱ्या कागदावर हिशेब मांडला. किमान वेतन, गुणिले सव्वीस दिवस, गुणिले बावीस, वर भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा १२ टक्के वाटा. आम्ही मंजूर केलेला दर त्याच्याही खाली होता. कायद्याने पगार द्यायचा तर कंत्राटदाराला पदरचे पैसे घालावे लागले असते. ते तो घालणार नव्हता, त्या बायकांच्या ताटातून काढणार होता. आणि हा हिशेब दहा मिनिटांचा होता! पाकिटं उघडायच्या दिवशी मी करू शकलो असतो.

१९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात कलम २१ होतं: कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने द्यायची. मूळ मालक म्हणजे आपण. मी टिपणीत हे लिहिलं, पाठपुरावा केला, कार्डं बायकांच्या हातात परत आली. मागचे पैसे मात्र सगळे मिळाले नाहीत. त्या तक्त्यावर माझी सही आहे आणि ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा मनुष्यबळाचं कोणतंही कंत्राट असो, आधी किमान दर तू काढ. वेतन, भविष्य निर्वाह निधी, ईएसआयचा म्हणजे कामगार राज्य विम्याचा मालकाचा ३.२५ टक्के वाटा, बोनसचे ८.३३ टक्के, हातमोजे, साबण, सगळं धरून. त्याखालचा दर अपात्र, हे निविदेतच लिही. बिलासोबत निधीच्या चलनाची प्रत आणि कामगारांची नावनिशीवार यादी मागायची. यादी आली की तिच्यातल्या दोघी-तिघींना जाऊन भेट. कार्ड कुणाकडे असतं ते विचार.

वस्तूंचंही तसंच. पंख्यांची मागणी आली की लोक दर बघतात. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी नावाच्या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा तीसच्या आसपास. ४५ वॅटचा फरक धर, दिवसाला १० तास, वर्षाला २०० दिवस. एका पंख्यामागे ९० युनिट झाले. असे ४०० पंखे असतील तर ३६,००० युनिट, दर वर्षी! खरेदीत हजार-दीड हजार जास्त गेले तरी दोन-अडीच वर्षांत वसूल. पण मसुद्यात नुसतं 'पंखा, १२०० मिमी' लिहिलंस तर स्वस्तातला ७५ वॅटवालाच येणार. वॅट लिही, वीजबचतीचे स्टार लिही, वॉरंटीची वर्षं लिही. प्रिंटरला टोनरचा प्रतिपान खर्च माग. संगणक घेतानाच जुने कुठे जाणार ते ठरव. २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच गेले पाहिजेत, भंगारवाल्याकडे नाही.

आणि मार्चअखेरची ती झुंबड! मंजूर पैसे परत जातील म्हणून घेतलेली कपाटं मी खोक्यासकट पडून राहिलेली पाहिलीत. मागणीपत्र आलं की आधी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही उघड, शेजारच्या विभागात ती वस्तू पडून असते.

स्थानिक खरेदीबद्दल तू उत्साहाने बोललीस. कर, जरूर कर. राष्ट्रध्वजाचं खादी कापड आपल्या उदगीरला विणलं जातं, नांदेडला त्याचे ध्वज होतात. खुलताबादेजवळ कागजीपुऱ्याची हातकागदाची परंपरा आहे. पाहुण्यांना प्लास्टिकची स्मृतिचिन्हं देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. फक्त स्थानिक म्हणजे ओळखीचा, असं होऊ देऊ नकोस. दरपत्रकं मागवायचीच. आणि छोट्या माणसाकडून माल घेतलास तर त्याचं बिल अडकवू नकोस. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे असतात. उत्तरपत्रिका छापणारा छापखानेवाला आठ-आठ महिने हेलपाटे घालतो तेव्हा कागदाच्या उधारीचं व्याज तो घरातून भरत असतो. या एका गोष्टीकडे बहुतेक जण काणाडोळा करतात, आणि मला ती फार लागते.

पाण्याचं सांगून थांबतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे दोन दिवसांचं चर्चासत्र झालं. संपल्यावर सभागृहात गेलो तर खुर्च्यांखाली अर्ध्या-अर्ध्या बाटल्या. आमचा शिपाई एकेक उचलून उरलेलं पाणी बादलीत ओतत होता. म्हणाला, झाडांना घालतो. दोन बादल्या भरल्या. पुढच्या वर्षीच्या मागणीपत्रातून मी बाटल्या काढल्या आणि माठ, ओगराळी, स्टीलचे पेले टाकले. पेले शंभर घेतले होते, कमी पडले. तू दीडशे घे, आणि धुणाऱ्याची मजुरी त्याच अंदाजपत्रकात धर.

तुझा,
काका