लताबाईंचं गाणं पुरुषानं गायचं तर ओरिजिनल ट्रॅकवरच गावं का? कव्हर कशामुळे जमतं, कशामुळे फसतं?

‘जितकं मूळ गाण्यासारखं तितकं कव्हर चांगलं, बरोबर ना?’ लताबाईंचं गाणं ओरिजिनल ट्रॅकवर, म्हणजे मूळ गाण्याच्या वाद्यसाथीवर, गावं का असं विचारून तुम्ही शेवटी हे लिहिलंत आणि मला राहवलं नाही. बरोबर नाही. मी सोलापुरात बँजो वाजवतो, म्हणजे दुसऱ्यांची गाणी परत वाजवण्यावरच, कव्हरवरच, पोट आहे. आणि नेमक्या याच मुद्द्यावरून आमच्या दाजींशी माझं सैराटच्या सालापासून वाजतंय.

२०१६ चा गणपती. सैराटचं शूटिंग झालं तो करमाळा आमच्याच जिल्ह्यातला, त्यामुळं त्या वर्षी कुठलंही मंडळ त्यातल्या झिंगाटशिवाय बोलायलाच तयार नव्हतं. दाजींनी नवा कीबोर्ड घेतला होता. मूळ गाण्याचा ठेका, मागचे आवाज, सगळं त्यांनी रात्र रात्र बसून त्यात भरलं. डोळे झाकले तर अजय-अतुलच गातायत असं वाटलं पाहिजे, हा हट्ट. घरात वाटायचंही तसंच. पण सोलापूरची मिरवणूक म्हणजे पुढं लेझीम. वाकायचं, हात फिरवायचा, परत उभं राहायचं, याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. त्या वेगात मुखडा संपायच्या आत पोरांची पावलं चुकायला लागली. त्यातच मधल्या मारुतीजवळ मिरवणूक अडली. माणसं थांबली, ट्रॅक्टर थांबला, पण कीबोर्डातला ठेका थांबेना. तो आपला ठरल्या वेळी कडव्यावर गेलासुद्धा.

मी कीबोर्डाची वायर काढायला लावली. (हे दाजी अजून विसरले नाहीत.) हलगीवाल्याला खूण केली आणि गाणं पोरांच्या पावलावर उतरवलं, जवळजवळ निम्म्या वेगावर. आता बँजोची गंमत अशी की त्याचा सूर टिकत नाही. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची, की आवाज आला आणि विरला. गायकासारखा लांब सूर नाही, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर नाहीच नाही. त्यामुळं वेग उतरल्यावर ज्या जागा मोकळ्या पडल्या त्या मुरक्यांनी, म्हणजे झटपट घेतलेल्या छोट्या सुरांनी, भरत गेलो. मुखड्याची शेवटची ओळ लेझीम वर जाईपर्यंत घोळवायची आणि झण् वाजलं की सोडायची. कन्ना चौकापर्यंत कुणी दुसरं गाणं मागितलं नाही. दाजी मात्र, ‘गाण्याची पार वाट लावलास की बे!’

माझं म्हणणं एवढंच. बँजोला हुबेहूब नक्कल जमतच नाही, म्हणून बँजोवाल्याला आधी ठरवावं लागतं की या गाण्यातलं काय काढलं तर गाणं मोडेल आणि काय काढलं तरी चालेल. हे ज्यानं ठरवलं त्याचं कव्हर उभं राहतं. नक्कल करणाऱ्याचं तसं नसतं. मूळ गाणं ऐकणाऱ्याच्या कानात आधीच वाजत असतं, तुम्ही तेच परत दिलंत की तो नुसत्या तुमच्या चुका वेचतो.

बदलायचं म्हणून बदलणारेही तेवढेच वाईट. हल्ली लावणीसुद्धा गिटार घेऊन कुजबुजत गातात. ढोलकी काढली, ठसका काढला, मग राहिलं काय? बरं, मूळ माणसांनीच परत केलं तरी खात्री नाही. झिंगाट २०१८ ला हिंदीत आलं, संगीतकार तेच, गाणारेही तेच. आमच्या मिरवणुकीत ते वाजवा असं मला तरी कुणी म्हणालेलं नाही.

आता तुमचं. पुरुषानं बाईचं गाणं गावं का, ही शंकाच काढून टाका. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं तेव्हा त्यातली गाणी वेगवेगळ्या गायकांनी गायली, माणिक वर्मा होत्या, लताबाई होत्या. पुढं बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, ती सगळी ५६ गाणी मंचावर एकट्यानं गायली. त्यात कौसल्या आली, सीता आली. आवाज बायकी केला का त्यांनी? शब्द स्वच्छ टाकले आणि स्वतःच्या पट्टीत गायले. आज गीतरामायण म्हटलं की लोकांना कोणाचा आवाज आठवतो?

ओरिजिनल ट्रॅकवर गाऊ नका. बायकांची पट्टी साधारण पेटीवरची काळी चार-पाच, पुरुषांची काळी एक-दोनच्या आसपास. मूळ पट्टीत वर गेलात तर शिरा ताणणार, खालच्या सप्तकात उतरलात तर खर्जात पुटपुटणार. मोबाइलवर ट्रॅकची पट्टी चार-पाच सूर खाली ओढता येते, पण मग त्यातली बासरी आजारी वाटते. त्यापेक्षा एक पेटीवाला आणि एक तबलजी गाठा, तुमच्या पट्टीत बसवा. कोणतं गाणं घ्यावं ते तुमचं तुम्ही बघा, आवाज ऐकल्याशिवाय मी काय सांगणार.

हां, कराओके स्पर्धेत उतरणार असाल तर माझं ऐकू नका, तिथं सेम टू सेमलाच मार्क असतात. आणि मिरवणुकीतलं सगळंच रेकॉर्डिंगला चालतं असंही नाही, तिथं पुढं नाचणारं कुणी नसतं.

अजून एक. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ ला दुरुस्ती झाली. त्यानुसार मूळ रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं कव्हर रेकॉर्ड काढता येत नाही. नंतरही आधी कळवून रॉयल्टी भरायची, आणि मालकाच्या संमतीशिवाय गाण्यात फेरफार करायचा नाही, तांत्रिक गरजेपुरता सोडून. व्हिडिओचे नियम वेगळे, टाकण्याआधी जाणकाराला विचारा. हे फेरफाराचं दाजींना कुठून तरी कळलं, तेव्हापासून दर सुपारीला ते मला ऐकवतात. सुपारी मात्र ‘ते लेझीमवालं झिंगाट वाजवणारे तुम्हीच का?’ असं विचारूनच येते.